सिडोनी मावशीचं नाक आणि जानेवारीचा कागद

ड्रेस्डेनच्या ट्राममध्ये आम्हां कागदवाल्या बायकांना कधी उभं राहावं लागलं नाही. आम्ही चढलो की दोन बाकं आपोआप रिकामी व्हायची. कामाचे कपडे वेगळे, घरचे वेगळे, आणि रविवारचा झगा तर मी शेजारणीच्या कपाटात ठेवायची. तरी केसांत, नखांत तो वास राहायचाच. आंबलेल्या अंड्याचा. माझा नवरा एमिल ट्रामवरच कामाला होता, आणि डोळे बांधले तरी हा आपली बायको बरोबर शोधून काढेल, असं त्याचे सोबती त्याला चिडवायचे. आम्हाला स्वतःला वास येत नसे. पहिले पंधरा दिवस येतो, मग नाक हात टेकतं. आख्ख्या कारखान्यात नाक शाबूत राहिलेली बाई एकच, सिडोनी लॉयश्के, आणि तिचं पोट त्या नाकावरच चालायचं.

काम असं होतं. मुली रोज हजारांनी अंडी फोडायच्या. बलक हातमोज्यांचं कातडं कमावणाऱ्यांकडे आणि बेकऱ्यांत जायचा. पांढऱ्यात नवसागर घालून ते फेटायचं, निवळू द्यायचं आणि पिंपांत भरून उबदार खोलीत आंबायला ठेवायचं. आंबलं की गाळून मोठ्या तसराळ्यात ओतायचं आणि त्यावर कागद एका अंगानं तरंगवायचा. समोरासमोर दोघी बायका, चार कोपरे चार हातांत. खाली एक बुडबुडा राहिला की पुढे कुठल्या तरी गावात कुणा नवरीच्या गालावर डाग पडलाच म्हणून समजा. असा चकचकीत कागद आमच्याकडून जगभर जायचा. फोटोवाले त्याला चांदीचं पाणी पाजून उन्हात धरत आणि त्यावर माणसं उमटत, असं आम्ही ऐकून होतो. पाहिलं कुणीच नव्हतं.

सगळी मेख त्या आंबण्यात होती. पांढरं कच्चं राहिलं तर कागदावर पट्टे उठतात, जास्त झालं तर कागद काही आठवड्यांत पिवळा पडतो. मधली नेमकी वेळ जेमतेम अर्ध्या दिवसाची, आणि प्रत्येक पिंपाची वेगळी. ती वेळ सिडोनी मावशी सांगायची. झाकण उचलायचं, दोन बोटं बुडवायची, डोळे मिटून वाकायचं, वास घ्यायचा आणि मान हलवायची. मग आमचे मुकादम पेत्सोल्ड आपलं भलंमोठं नाक पिंपात घालून एक लांब श्वास घेत, "हं" म्हणत आणि पिंपावर खडूनं फुली मारत. वर्षानुवर्षं हा सोहळा मी रोज पाहिला. मुकादमांना तपकिरीचं व्यसन होतं, त्यामुळे "हं" नंतर बहुतेक वेळा एक शिंकही येत असे.

मावशी मूळची वरच्या डोंगरातली, लेस विणणाऱ्यांच्या घरातली. नवरा पिर्नाच्या खाणीत दगड फोडायचा; ती धूळ छातीत जाऊन पस्तिशीतच गेला. मूलबाळ नाही. ती शहरात आली, बारा वर्षं तिनं अंडी फोडली, मग आठ वर्षं तसराळ्यावर काढली. त्यातली चार माझ्यासमोर. माझ्या थोरलीच्या वेळी सातव्या महिन्यात मला तसराळ्यावर घेरी यायची, तेव्हा माझ्या कोपऱ्यांवरही तिचाच डोळा असायचा, आणि मुकादमांना तिनं पत्ता लागू दिला नाही. गार पांढऱ्यात हात घालून घालून तिची बोटं वाकडी झाली. कागद निसटायला लागला. तिला घरी पाठवायचं ठरलंही होतं. शेवटच्या दिवशी जाता जाता ती एका पिंपाशी थांबली आणि म्हणाली, "हे कालच गाळायला हवं होतं." ते पिंप खरंच वाया गेलेलं निघालं. त्या एका वाक्यावर तिला पिंपांचं काम मिळालं, त्याला आता नऊ वर्षं होत आली होती.

मग अठराशे एकोणनव्वद सालच्या डिसेंबरात तापाची मोठी साथ आली. घरटी एक माणूस अंथरुणात होतं. मावशी चौदा तारखेला पडली ती नाताळच्या आदल्या दिवशी उठली. बारीक झाली होती, खोकत होती, पण सण झाल्यावर पुन्हा पिंपांशी उभी राहिली. झाकण, दोन बोटं, डोळे मिटणं, मान हलवणं, सगळं पहिल्यासारखं चालू झालं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारच्या सुट्टीत मी कागद वाळवायच्या खोलीत शाल आणायला गेले. दार उघडलं आणि माझ्यासारखीलाही वास आला! गॅसचा दिवा वाऱ्यानं विझला होता, तोटी उघडी होती, फुस्स आवाज येत होता. आणि बरोबर त्याच्याखाली सिडोनी मावशी बाकावर बसून मोज्याला रफू करत होती.

मी धावत जाऊन तोटी बंद केली, खिडकी उघडली आणि तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अगं मावशी, जीव द्यायचाय का? गॅस सुटलाय!"

"कुठं?" ती म्हणाली.

ते "कुठं" ऐकलं आणि मी काय ते ओळखलं. तिलाही कळलं की मला कळलंय. ती तशीच जिन्यावर बसली, हातात तो मोजा.

"हुल्डे, कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "तापानं गेलं. येईल परत, येईल परत म्हणून वाट बघतेय. कॉफी गरम पाण्यासारखी लागते. साबण नाकाला लावून बघितला. काही नाही."

"आणि पिंपं? पाच आठवडे पिंपं कशी पास केलीस?"

"अंदाजानं."

मला राग आला. खरं सांगते, दया नंतर आली, आधी राग आला. आम्ही दिवसभर कागदाखालच्या बुडबुड्याला जपायचं आणि हिनं चाळीस पिंपं अंदाजानं सोडायची!

"तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. रोज वाटतं. पण हे हात बघ." तिनं ती बोटं माझ्यासमोर धरली. "यांनी अंडं फुटत नाही, कागद धरवत नाही. मी सांगितलं की नाक गेलं, त्या शनिवारी मी बाहेर. चौपन्नाव्या वर्षी मला कोण उभं करणार आहे, तूच सांग."

मी तिच्या शेजारी जिन्यावर टेकले. कागदाच्या प्रत्येक गठ्ठ्यात पिंपाच्या तारखेची चिठ्ठी असते. कागद बिघडला तर गठ्ठा परत येतो, चिठ्ठी निघते आणि तारखेवरून माणूस सापडतो. यायला दोन-तीन महिने लागतात एवढंच. म्हणजे आता मावशीनं रोज फाटकाकडे डोळे लावून बसायचं होतं.

मला असं ताटकळणं मानवत नाही. त्या संध्याकाळी मी घरी भांडी विसळत होते आणि फळीकडे लक्ष गेलं. आम्ही कागदवाल्या बायका घरच्या फळ्यांवर कारखान्यातला टाकाऊ कागद अंथरतो. कोपरा दुमडलेला, कडेला बोट लागलेलं असा. पांढरा, चकचकीत, दिसतोही छान. आणि माझ्या ताटल्यांखालचा कागद मी तीन राजांच्या सणाच्या आठवड्यात बदलला होता. म्हणजे जानेवारीचा. म्हणजे मावशीच्या अंदाजाचा!

मी ताटल्या उतरवल्या. एमिल म्हणाला, "आता जेवायचं कशात?" मी म्हटलं, "थांब जरा, इथं एका बाईचा जीव टांगणीला लागलाय." कागदाच्या एका टोकाला पातेल्याचं वर्तुळ उठलं होतं, दुसरं टोक स्वच्छ होतं.

रविवारी चर्च झाल्यावर मी आणि मावशी वुन्शे फोटोवाल्यांकडे गेलो. चौथ्या मजल्यावर, छपरालाच काचा बसवलेला त्यांचा स्टुडिओ. आमचाच कागद वापरायचे ते. मी सोबत आयरशेके नेला होता, आमच्याकडचा तो बलक घातलेला तीन थरांचा केक. कारखान्यातून बलक मिळायचा म्हणून आमचा थर जरा जाडच असायचा. वुन्शेसाहेबांनी आधी केककडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाले, "या, या. दार मात्र उघडंच राहू द्या."

"एवढा वास येतो का हो?" मावशीनं विचारलं.

"बाई, पहिल्या मजल्यावर होतात तेव्हाच कळलं."

मी कागद पुढे केला. एका पिंपाची शंका आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी तो उजेडात तिरका धरला, जिभेचं टोक कोपऱ्याला लावलं. "वरून काही कळत नाही. चांदी पाजल्याशिवाय आणि ऊन दाखवल्याशिवाय कागद खरं बोलत नाही. कुणाचा तरी चेहराच छापू त्याच्यावर. चेहऱ्यावर खोट लगेच दिसते." आणि मावशीकडे वळून म्हणाले, "बसा."

"मी? अहो, माझं कशाला? हिचं काढा, ही तरणी आहे."

"शंका कुणाच्या पिंपाची आहे?"

मावशी मुकाट्यानं बसली. जवळजवळ तीस वर्षं फोटोचा कागद केला, पण तिचा फोटो असा हा पहिलाच. मानेमागे लोखंडी टेकू, हात मांडीवर. "हात येऊ देऊ नका हो," ती दोनदा म्हणाली. वुन्शेसाहेबांनी काचेवर तिची उलटी छबी घेतली. छापायला मात्र ऊन हवं, आणि बाहेर शिशाच्या रंगाचं आभाळ. पुढच्या रविवारी या, म्हणाले.

तो आठवडा मावशीनं कसा काढला तिलाच ठाऊक. पिंपांशी उभी राहायची तेव्हा मी तसराळ्यावरून तिच्याकडेच पाहत असे. आणि पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. ती वाकायची, वास घ्यायचं नाटक करायची ते खरंच, पण त्याआधी ती दोन बोटं बाहेर काढून अंगठ्यावर घासायची आणि थेंब पडू द्यायची. थेंबामागून तार लोंबली तर मान हलत नसे. थेंब सुटा, टपकन पडला तर हलायची. हे ती आधीही करायची की आत्ताच शिकली, ते मला आठवेना. मी तिला विचारलं नाही. हातून जे आपोआप होतंय ते बोलून बिघडायचं, अशी भीती वाटली.

रविवारी ऊन पडलं! फेब्रुवारीतलं पांढरट, पण ऊन. आम्ही पोचलो तेव्हा वुन्शेसाहेबांनी कागद चांदीच्या पाण्यावर तरंगवून, अंधारात वाळवून तयार ठेवला होता. तेही आमच्यासारखाच एका अंगानं तरंगवतात हे ऐकून मावशी म्हणाली, "अगंबाई, इथंही बुडबुड्याला भितात." लाकडी चौकटीत खाली ती छबीची काच, तिच्यावर कागद, मागून दोन झडपांचं फळकूट. चौकट खिडकीत ठेवली आणि आम्ही याही खेपेला नेलेला केक खात बसलो. कॉफी अशी पातळ की कपाच्या तळाचं फूल स्पष्ट दिसत होतं.

दर थोड्या वेळानं ते आडोशाला जाऊन एक झडप उघडत आणि कागद किंचित उचलून बघत. तिसऱ्यांदा त्यांनी मावशीला जवळ बोलावलं. मीही मान घातली. कागदावर जांभळट तपकिरी रंगात टोपी, मग कपाळ, मग एक डोळा. कुणी काढत नव्हतं, पुसत नव्हतं. नुसत्या उन्हानं मावशी कागदावर येत होती. मला रडू कोसळलं, का ते सांगता येणार नाही. मावशी मात्र चेहऱ्याकडे पाहतच नव्हती.

"पट्टे आहेत का?" तिनं विचारलं.

"थांबा की, बाई."

तासाभरानं कागद निघाला. धुतला तसा तो विटेसारखा लाल झाला, मग सोन्याच्या पाण्यात टाकला. तो लाल रंग बघता बघता गर्द जांभळा झाला. मग पक्का करायच्या पाण्यात, मग पुन्हा धुणं, आणि शेवटी दोरीवर. वाळल्यावर वुन्शेसाहेबांनी तो खिडकीशी तिरका धरला, सरळ धरला, भिंग लावलं. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या.

"एक पट्टा नाही," ते म्हणाले. "झळाळी बघा. हे पिंप कुणी पास केलं?"

"मी," मावशी म्हणाली.

"मग शंका कसली घेऊन बसलाय? शरदात मला जो कागद आला त्याच्यापेक्षा हा बरा आहे."

जिना उतरताना मावशी दर मजल्यावर थांबून हसत होती. फोटोत हात आलेच होते, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. फोटो आम्ही माझ्या खिडकीत उन्हाला ठेवला, पिवळा पडतो का बघायला. तीन आठवडे झाले, टोपीची झालर पांढरीच्या पांढरी. तरी मावशीचं मन धड थाऱ्यावर येईना. "एका पिंपाचं कळलं, हुल्डे. बाकीच्या चाळिसांचं काय?"

आणि मार्चच्या मध्यावर व्हिएन्नाहून गठ्ठा परत आला.

फाटकातून हातगाडीवर आलेला तो गठ्ठा आम्ही दोघींनी पाहिला. अर्ध्या तासानं निरोप आला, सिडोनीबाईंना मुकादमांनी बोलावलंय. मी हात पुसले आणि न विचारता तिच्याबरोबर गेले. मुकादमांच्या टेबलावर कागद पसरले होते, हळदीसारखे पिवळे. पेत्सोल्डसाहेब खुर्चीत घाम पुसत बसले होते.

"सिडोनीबाई, बसा. मला तुमच्याशी जरा..."

"मी उभीच बरी," मावशी म्हणाली, आणि बांध फुटावा तशी बोलत सुटली. "साहेब, चूक माझी आहे. माझं नाक गेलंय. तापात गेलं. मला गॅसचासुद्धा वास येत नाही. नाताळनंतरची सगळी पिंपं मी अंदाजानं सोडली. लपवलं, पोटासाठी लपवलं. हुल्डाचा यात काही संबंध नाही. मी आज सामान आवरते."

पेत्सोल्डसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. त्यांनी तपकिरीची डबी काढली, उघडली, आणि प्रथमच न ओढता बंद केली.

"ही चिठ्ठी वाचा," ते म्हणाले.

मावशीला अक्षर दिसेना, मी वाचली. अठरा डिसेंबर.

"अठरा?" मी म्हटलं. "अहो, अठराला मावशी अंथरुणात होती! मीच सूप घेऊन गेले होते."

"मला माहीत आहे."

"मग हे पिंप कुणी पास केलं?"

मुकादमांनी डबी टेबलावर ठेवली. "मी," ते म्हणाले. "आणि आता तुम्ही बोललाच आहात तर माझंही ऐका. मला दहा वर्षांपासून कशाचाच वास येत नाही. या डबीनं खाल्लं ते नाक. तुमची मान हलली की मी 'हं' म्हणतो. नऊ वर्षं मी हेच करतोय, सिडोनीबाई. तुम्ही आजारी पडलात तेव्हा ते दहा दिवस मी प्रत्येक पिंपाचं झाकण सहाव्या दिवशी उघडून 'हं' म्हटलं, कारण बहुतेक वेळा तुमची मान सहाव्या दिवशी हलते. रात्रंदिवस धसका होता. आज तुम्हाला बोलावलं ते एवढंच सांगायला, की कृपा करून परत आजारी पडू नका."

मग मावशी मटकन अंड्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसली, एप्रन तोंडात कोंबला आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग पेत्सोल्डसाहेबही हसले. दोन माणसं, दोन मेलेली नाकं, आणि सगळ्या जगाचा कागद त्यांच्यावर! मी म्हटलं, "छान! म्हणजे नाताळपासून इथं वास घेणारं कुणी नव्हतंच."

"पण जानेवारीचा कागद?" मुकादम म्हणाले. "तो कसा चांगला निघाला? त्याची एकही तक्रार नाही. प्राग आणि लाइपझिगनं तर 'तसाच पाठवा' म्हणून लिहिलंय."

"तिची बोटं," मी म्हटलं, आणि ते थेंबाचं सांगितलं. मावशी आपल्या वाकड्या बोटांकडे बघत बसली. ज्यांना ती फोटोतही येऊ देत नव्हती त्यांनीच तिची जागा राखली होती, आणि हे तिला तिसऱ्याच माणसाकडून कळत होतं.

त्याच दिवशी पेत्सोल्डसाहेबांनी मालकांना पत्र लिहिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. खरं सगळंच लिहिलं असंही नाही. पिंपांची तपासनीस बाई त्या आठवड्यात आजारी असल्यामुळे माल बिघडला, एवढंच. मालकांचं उत्तर आलं ते वाचून आम्ही थक्कच झालो. बाईंच्या खोलीत थंडी फार असते का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि त्या हिवाळ्यापासून मावशीच्या दारात कारखान्याकडून कोळसा येऊन पडायला लागला. पिंपाचं काम तिनं पुढे सात वर्षं केलं. थेंब पाहायला तिनं मला शिकवलं, आणि तिच्यामागून ते काम मी केलं, अंड्याच्या कागदाचे दिवस सरेपर्यंत. मुकादम शेवटपर्यंत वाकून "हं" म्हणत राहिले, सवयच ती.

तिचा फोटो माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत झालर थोडी पिवळसर झालीय, पण एवढं चालायचंच.

एक सांगायचं राहिलं. त्याच मे महिन्यातली सकाळ. आम्ही दोघी नेहमीसारख्या पिंपांच्या खोलीत शिरलो. मावशी दारातच थबकली. तिनं नाक वर केलं, तोंड वाकडं केलं, दोन्ही हातांनी एप्रन तोंडावर दाबला.

"ईऽऽ!" ती ओरडली. "हुल्डे, शी! काय ही घाण! मेल्यांनो, तुम्ही इथं उभ्या तरी कशा राहता गं?"

आणि तशीच नाक दाबून, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत ती माझ्या गळ्यात पडली.